एल्फिन्स्टनांची पदवी : लॉर्ड कोण आणि लाट कोण

मराठीतला 'लाट' हा शब्द इंग्रजी 'लॉर्ड'चाच झालेला. मुंबईचा गव्हर्नर तो लाटसाहेब, कलकत्त्याचा तो बडा लाट, आणि फौजेचा मुख्य तो जंगी लाट. साहेब जन्माने लॉर्ड आहे की नाही, याची चौकशी रयतेने कधी केली नाही. ज्याच्या सहीने हुकूम सुटतो तो लाट, इतका साधा हिशेब. बोलण्यात हे चालून जातं. पण हीच सवय इतिहासाच्या टिपणांत, स्मरणिकांत आणि स्थळदर्शनाच्या पुस्तिकांत उतरली की घोटाळा होतो. 'लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन', 'सर माउंटस्टुअर्ट', किंवा नुसतंच 'लॉर्ड एल्फिन्स्टन' असे उल्लेख आपण सर्रास वाचतो, आणि त्यांत १८१८ चा माणूस आणि १८५७ चा माणूस एकच होऊन बसतो.

कुणी म्हणेल, यात एवढं काय बिघडलं? दोघेही इंग्रज सरकारचे गव्हर्नर. माझं म्हणणं असं, की बरंच बिघडतं. माउंटस्टुअर्ट लॉर्ड नव्हता, ही त्याच्या चरित्रातली किरकोळ बाब नाही. तो लॉर्ड नव्हता म्हणूनच तो हिंदुस्थानात आला. तो लॉर्ड का नव्हता हे समजायचं तर स्कॉटलंडमधल्या या घराण्याच्या पदवीचा इतिहास पाहायला हवा. आणि तो पाहताना तो इतिहास ज्या ग्रंथांत लिहिलेला असतो, त्यांचीही झडती घ्यायला हवी.

दोन माणसं, एक आडनाव

आधी दोघांना वेगळं करू. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९) हा पुण्याचा रेसिडेंट, पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर, आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज याच्या नावाचं. दुसरा जॉन (१८०७–१८६०), म्हणजे तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. तो १८३७ ते १८४२ मद्रासचा आणि १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता. फोर्टातलं एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचं हॉर्निमन सर्कल, आणि २०१८ मध्ये प्रभादेवी झालेलं एल्फिन्स्टन रोड स्टेशन, ही नावं याची. दोघांचं नातं चुलत्या-पुतण्याचं. पुतण्या लॉर्ड, चुलता नाही.

चुलता 'सर'ही नव्हता. त्याच्या काबूलच्या वर्णनावर (१८१५) आणि हिंदुस्थानच्या इतिहासावर (१८४१) नावामागे 'ऑनरेबल' एवढंच छापलेलं आहे, आणि कोलब्रुकने १८८४ मध्ये लिहिलेल्या चरित्राच्या मथळ्यातही तेच आहे. 'सर माउंटस्टुअर्ट' कुठून आलं असावं, याचा एक संभव मला दिसतो. मराठ्यांची बखर लिहिणारा साताऱ्याचा ग्रँट डफ आपल्याला माहीतच आहे. त्याने आपल्या मुलाचं नाव जुन्या वरिष्ठाच्या आदरापोटी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ असं ठेवलं. हा मुलगा पुढे 'सर' झाला आणि १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता. अर्धं नाव वाचून 'सर' इकडे चिकटलं असेल तर नवल नाही.

पदवी म्हणजे न वाटलेलं वतन

'ऑनरेबल' हा लॉर्डच्या मुलांना मिळणारा मान. मुलगा मेला की तो संपतो, नातवाकडे जात नाही. 'लॉर्ड' मात्र पिढ्यान् पिढ्या चालतो. स्कॉटलंडमध्ये या शब्दाला नेमका अर्थ होता. तिथे 'बॅरन' म्हणजे राजाकडून अधिकारांसह जमीन धरणारा जमीनदार. आणि 'लॉर्ड' म्हणजे ज्याला पार्लमेंटात स्वतःच्या नावाने बसण्याचा वंशपरंपरागत हक्क आहे तो. इंग्लंडात बॅरन ही खुद्द उमरावपदाची पायरी, स्कॉटलंडात ती नव्हे. आपल्या लेखांत हे दोन्ही शब्द अदलाबदलीने येतात, तेही टाळायला हवं.

आपल्याला ही व्यवस्था समजायला वतनाचा दाखला बरा पडतो, पण फरक ध्यानात ठेवून. पाटीलकी किंवा देशमुखी भावांत वाटली जायची. थोरली पाती, धाकटी पाती, तक्षिमा, पाळीपाळीने मान, असं सगळं चालायचं. भांडणं व्हायची, महजर व्हायचे, पण धाकट्याला काही ना काही मिळायचं. लॉर्डपदाच्या तक्षिमा होत नाहीत. ते सबंध थोरल्याकडे जातं. थोरल्या मुलाला बाप जिवंत असतानाच 'मास्टर ऑफ एल्फिन्स्टन' म्हणतात, म्हणजे आपला युवराजच म्हणा. बाकीच्या भावांना 'ऑनरेबल' आणि शुभेच्छा.

नाव एकीकडे, गाव दुसरीकडे

घराण्याचं नाव गावावरून पडलेलं. एडिनबरापासून जवळ, ईस्ट लोदियनमध्ये ट्रेनेंटच्या बाजूला एल्फिन्स्टन नावाचं ठिकाण आहे. गंमत अशी, की पदवी मिळण्याच्या आधीच हे मूळ गाव घराण्याच्या हातून गेलं होतं. पंधराव्या शतकात थोरल्या शाखेत एकटी मुलगी उरली, ॲग्नेस. तिचा आणि तिच्या चुलत्याचा, हेन्रीचा, वारशावरून तंटा झाला. तडजोडीत ईस्ट लोदियनचं गाव ॲग्नेसला आणि तिच्या नवऱ्याच्या जॉन्स्टन घराण्याला गेलं. हेन्रीकडे स्टर्लिंगशायरमधल्या जमिनी आल्या. पुढे या नव्या ठिकाणालाही एल्फिन्स्टन हेच नाव दिलं गेलं. म्हणजे गाव मुलीकडे आणि नाव चुलत्याकडे. पुढच्या साडेतीनशे वर्षांत जे होणार होतं त्याची ही नांदीच.

चौथ्या जेम्स राजाने १५१० मध्ये या शाखेच्या अलेक्झांडरला लॉर्ड केलं. काही ग्रंथांत १५०९ हे साल दिसतं. तेव्हा स्कॉटलंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं; १ जानेवारीची पद्धत १६०० पासून आली. त्यामुळे जानेवारीतल्या घटनेला जुन्या हिशेबाने १५०९ आणि नव्या हिशेबाने १५१० म्हणतात. शकांचं आणि फसली-सुहूर सनांचं गणित ज्यांनी केलंय त्यांना हे नवं नाही.

हा अलेक्झांडर राजाच्या मर्जीतला. त्याची बायको एलिझाबेथ बार्लो ही राणी मार्गारेटबरोबर इंग्लंडहून आलेल्या स्त्रियांपैकी. राजाने त्यांना ॲबर्डीनशायरमधला किल्ड्रमीचा किल्ला दिला होता. पण हा किल्ला मुळात मारच्या अर्लचा. अर्स्किन घराण्याने त्यावर दावा धरला आणि अखेर १६२६ मध्ये तो एल्फिन्स्टनांकडून परत मिळवला. किल्ला गेला, पदवी राहिली. जमीन आणि पदवी यांच्या गाठी वेगवेगळ्या असतात, हे इथे पहिल्यांदा ठळक दिसतं.

पहिला लॉर्ड १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत राजाबरोबरच पडला. तो दिसायला राजासारखा होता, म्हणून इंग्रजांनी त्याचंच प्रेत राजाचं समजून नेलं, अशी कथा जुन्या वंशग्रंथांत आहे. दुसरा लॉर्ड १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत पडला. दोन पिढ्या रणात गेल्या आणि तरी पदवी न अडखळता पुढे गेली. चौथा लॉर्ड १५९९ ते १६०१ स्कॉटलंडचा मुख्य खजिनदार होता. पाचव्या लॉर्डला मुलगा नव्हता, मुलगी होती, लिलियस. पदवी पुतण्याकडे गेली आणि लिलियसचं लग्न त्याच चुलतभावाशी झालं. ॲग्नेसच्या वेळी जे दोन वाटांनी गेलं, ते या वेळी लग्नाने एकत्र राखलं.

वंशग्रंथ काय दाखवतात

हा इतिहास मुख्यतः दोन ग्रंथांतून मिळतो. एक, सर विल्यम फ्रेझरचा एल्फिन्स्टन घराण्याचा ग्रंथ, दोन खंड, १८९७. दुसरा, सर जेम्स बाल्फोर पॉलने संपादलेला 'स्कॉट्स पीअरेज', नऊ खंड, १९०४ ते १९१४. त्याखेरीज बर्कसारख्यांचे वारंवार निघणारे उमरावकोश आहेत.

फ्रेझरची पद्धत आपल्या ओळखीची वाटेल. मोठी घराणी त्याला काम देत, आपली दप्तरं त्याच्यापुढे उघडत, आणि जाडजूड देखणे खंड मोजक्या प्रतींत छापले जात. घराण्यातल्या कर्त्या पुरुषांची चरित्रं आणि पाठोपाठ पत्रं व दस्तऐवज, असा एकूण थाट. चरित्रांचा सूर अर्थातच यजमानाला रुचेल असा. पण मूळ कागद छापून ठेवल्याने त्याच ग्रंथातल्या स्तुतीची परीक्षा वाचकाला करता येते, हा फ्रेझरचा खरा उपकार. मरताना त्याने ठेवलेल्या पैशांतून एडिनबरा विद्यापीठात स्कॉटिश इतिहासाचं अध्यासन निघालं, तेही विसरू नये.

'स्कॉट्स पीअरेज' जास्त कोरडा आणि जास्त भरवशाचा. प्रत्येक विधानाखाली कागदाचा आधार, मुलींची नावं, धाकट्या भावांची नावं, सगळं आहे. त्याच्यावर 'धाकट्यांना वगळलं' असा आरोप करणं अन्यायाचं होईल. दोष मांडणीतला आहे. पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे फक्त लॉर्डांना. बाकीचे त्या आकड्यांच्या पोटात बारीक अक्षरांत. लॉर्डाखाली त्याच्या मुलांची यादी, त्यात कोण लढाईत मेला, कोण हिंदुस्थानात गेला, कुणाचं लग्न कुणाशी. वाचणारा आकडे धरून चालतो आणि बारीक अक्षरं ओलांडतो. बर्कच्या छापाचे कोश तर यासाठीच वापरले जातात.

आपले कुलवृत्तांत याहून बरे की वाईट? एका बाबतीत बरे. ते सगळ्या शाखा सारख्याच मानाने देतात, कारण कुणा एकाच्या डोक्यावर पदवी नसते. पण मुलींच्या बाबतीत आपलीही पानं फार वेगळी नाहीत.

सनदेतले शब्द

याच घराण्यात पदव्यांचे इतके प्रकार झाले, की पदवी कशी जगते आणि कशी मरते याचा तो एक पाठच आहे.

तिसऱ्या लॉर्डचा एक धाकटा मुलगा जेम्स वकिलीत आणि दरबारात वर चढला, राजाचा चिटणीस झाला आणि लॉर्ड बाल्मेरिनो झाला. ही पदवी फाइफमधल्या एका जुन्या मठाच्या जमिनींवर उभी होती. धर्मसुधारणेनंतर मठ मोडले आणि त्यांची उत्पन्नं अशी खाजगी पदव्यांत बदलली. देवस्थानाचं इनाम सरदाराच्या नावे चढावं तसं. त्याच्या दुसऱ्या मुलाला १६०७ मध्ये लॉर्ड कूपर केलं, तेही तशाच मठाच्या जमिनीवर. कूपरची पदवी पुढे बाल्मेरिनोत मिळाली. सहावा लॉर्ड बाल्मेरिनो, आर्थर, स्टुअर्ट राजपुत्राच्या बाजूने १७४५ च्या उठावात उतरला. कलोडनच्या पराभवानंतर ऑगस्ट १७४६ मध्ये लंडनला टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला आणि दोन्ही पदव्या जप्त झाल्या. मुख्य शाखेची पदवी शाबूत राहिली. एका वंशातली एक फांदी राजद्रोहाने तुटली, दुसरीला धक्काही लागला नाही.

दहाव्या लॉर्डचा धाकटा मुलगा जॉर्ज आरमारात शिरला. १७९५ मध्ये डचांकडून केप घेण्याच्या मोहिमेत तो आरमारप्रमुख होता. पुढे तो व्हायकाउंट कीथ झाला. त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याच्या बॅरनपदाच्या सनदेत मुलीला वारसा जाईल असे शब्द खास घालून घेतले होते. व्हायकाउंटपदाच्या सनदेत ते नव्हते. १८२३ मध्ये तो वारला तेव्हा व्हायकाउंटपद त्याच्याबरोबर संपलं, आणि बॅरनपद मुलगी मार्गारेटकडे गेलं. ते तिच्या मृत्यूपर्यंत, १८६७ पर्यंत, चाललं. माणूस एक, पदव्या दोन, वारस दोन तऱ्हेचे. फरक फक्त सनदेतल्या चार शब्दांचा.

आपल्याकडचे इनामी कागद ज्यांनी वाचलेत त्यांना 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' या शब्दांचं वजन सांगायला नको.

धाकट्यांची वाट

आता हिंदुस्थान. दहाव्या लॉर्डचा आणखी एक धाकटा मुलगा विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर गेला आणि पुढे कंपनीचा डायरेक्टर झाला. अकरावा लॉर्ड एडिनबराच्या किल्ल्याचा अधिकारी. त्याला चार मुलगे. थोरल्याला पदवी. दुसरा, चार्ल्स, याला आजीकडची, म्हणजे क्लेमेंटिना फ्लेमिंगकडून आलेली कंबरनॉल्ड आणि बिगर इथली जमीन. तिच्यासाठी त्याने फ्लीमिंग हे आडनाव लावलं. म्हणजे पदवी एका भावाकडे आणि चांगली इस्टेट दुसऱ्याकडे. चौथ्या मुलाच्या वाट्याला काय उरलं? कंपनीत बसलेला चुलता. माउंटस्टुअर्ट त्या चुलत्याच्या शिफारशीने कंपनीचा 'रायटर' झाला आणि १७९६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, कलकत्त्याला उतरला.

याच फुलर्टनचा मुलगा म्हणजे १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना जिची धूळधाण झाली त्या फौजेचा सेनापती. माउंटस्टुअर्टने १८०८-०९ मध्ये ज्या अफगाण दरबाराकडे वकिलात नेली, त्याच मुलुखात तीस-एक वर्षांनी त्याच्या चुलतभावाची ही गत झाली. दोघेही 'लॉर्ड एल्फिन्स्टन' नव्हते. पदवी स्कॉटलंडात, आणि पदवीवाचून राहिलेले जगभर.

आता एक गोष्ट जरा थांबून पाहावी. फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याहून जो जाहीरनामा निघाला, त्यात वतनं, इनामं, वर्षासनं, देवस्थानं चालू राहतील असं आश्वासन होतं. कोणता सरंजाम पुढे चालवायचा आणि कोणता हयातीपुरता ठेवायचा, याचा विचार माउंटस्टुअर्टच्या आणि त्याच्यानंतर आलेल्या चॅप्लिनच्या कारभारात झाला. जुनी सरदार घराणी एकदम बुडू नयेत, असा माउंटस्टुअर्टचा कल होता. त्याला 'लॉर्ड' म्हटलं की वाटतं, एका उमरावाने दुसऱ्या उमरावांची कदर केली. प्रत्यक्षात, वारशाच्या नियमाने ज्याच्या हाती काही आलं नाही असा चौथा मुलगा दुसऱ्यांच्या वारशाचा निवाडा करत होता. त्याच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण घराणं नीट ठेवायला काय लागतं आणि त्याची किंमत कोण भरतं, हे त्याने घरीच पाहिलेलं होतं, एवढं नक्की. 'लॉर्ड' हा चुकीचा शब्द नेमकं हेच पुसून टाकतो.

तेरावा लॉर्ड आणि नरगुंद

पुतण्या जॉन १८१३ मध्ये, सहावं वर्ष लागायच्या सुमारास, तेरावा लॉर्ड झाला. पण १७०७ च्या एकीकरणानंतर स्कॉटिश लॉर्डांना ब्रिटिश पार्लमेंटात आपसूक जागा नव्हती. सगळे मिळून आपल्यातले सोळा प्रतिनिधी निवडत. ही पद्धत १९६३ पर्यंत चालली. जॉनही असाच प्रतिनिधी म्हणून बसायचा. १८५७ च्या उठावात मुंबई इलाखा शांत राखल्याबद्दल त्याला मे १८५९ मध्ये ब्रिटनचं बॅरनपद मिळालं, म्हणजे निवडणुकीवाचून बसण्याचा हक्क. जुलै १८६० मध्ये तो अविवाहित वारला. चौदा महिन्यांत नवी पदवी संपली, कारण ती त्याच्या औरस वंशापुरती होती. १५१० ची जुनी पदवी मात्र चुलतभावाकडे गेली. त्यासाठी कुणाच्या मेहेरबानीची गरज पडली नाही.

याच लॉर्डच्या गव्हर्नरीत इकडे काय चाललं होतं? १८५२ च्या कायद्याने बळ मिळालेलं इनाम कमिशन सनदा तपासत होतं. त्या कामाची सुरुवातच मुळी आमच्या दक्षिण मराठा मुलुखात झाली होती. पिढ्यान् पिढ्या वहिवाट आहे, पण कागद कुठे, असा प्रश्न घरोघर पडला. आणि स्कॉटलंडच्या जुन्या पदव्यांपैकी कित्येकांची मूळ सनद अस्तित्वातच नाही. पूर्वज पार्लमेंटात बसत होते, हाच पुरावा मानला जातो. म्हणजे त्यांच्याकडे वहिवाट चालते.

नरगुंदचे भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांना औरस वारस नव्हता, आणि दत्तक घ्यायला परवानगी मिळाली नाही. मे १८५८ च्या अखेरीस पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि जूनमध्ये बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली. बेळगावकरांना ही गोष्ट सांगायला नको. दोन वर्षांनी बिनवारस लॉर्डची पदवी दुसऱ्या घरात बिनबोभाट गेली.

इथे तुलना ताणू नये, हेही सांगतो. संस्थान म्हणजे मुलूख, वसूल, न्यायाचा अधिकार. लॉर्डपद म्हणजे नाव आणि मान. शिवाय स्कॉटिश पदवीत दत्तकाला मुळीच जागा नाही, तिला रक्ताचाच वारस लागतो. त्या बाबतीत आपलं धर्मशास्त्र जास्त उदार. पण प्रश्न उरतोच. 'घर चालू राहावं' ही इच्छा दोन्हीकडे सारखी. एकीकडे ती कायदा आपोआप पुरी करतो, दुसरीकडे तीच सरकारदरबारी अर्ज होऊन फेटाळली जाते. कॅनिंगने पुढे १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, त्या नरगुंदच्या उपयोगाच्या नव्हत्या.

चौदा महिने

आता वंशग्रंथाच्या बारीक अक्षरांतली एक गोष्ट. तेरावा लॉर्ड गेल्यावर पदवी माउंटस्टुअर्टच्या दुसऱ्या भावाच्या, म्हणजे चार्ल्स फ्लीमिंगच्या, मुलाकडे गेली. हा चौदावा लॉर्ड जानेवारी १८६१ मध्ये वारला. मग अकराव्या लॉर्डच्या वंशात पुरुषच उरला नाही, म्हणून पदवी एक पिढी मागे चढून कंपनीचा डायरेक्टर विल्यम फुलर्टनच्या नातवाकडे आली. तो पंधरावा. त्यालाही १८८५ मध्ये पुन्हा ब्रिटनचं बॅरनपद मिळालं.

माउंटस्टुअर्ट नोव्हेंबर १८५९ मध्ये, ऐंशी वर्षांचा होऊन, वारला. तो आणखी चौदा महिने जगला असता तर चौथ्या मुलाकडे ही पदवी चालून आली असती, आणि तोच पंधरावा लॉर्ड एल्फिन्स्टन झाला असता. हिंदुस्थानचं गव्हर्नर जनरलपद त्याने नाकारलं होतं. हे पद नाकारता आलं नसतं. आपल्या स्मरणिकांनी त्याला जे आधीच बहाल केलंय, ते त्याला नियतीने चौदा महिन्यांनी नाकारलं. म्हणून ती चूक मला जास्त बोचते.

आकड्याबाहेरची

चौदाव्या लॉर्डची बहीण क्लेमेंटिना, १८२२ मध्ये कंबरनॉल्डला जन्मलेली, माउंटस्टुअर्टची पुतणी. लग्नानंतर ती लेडी हॉवर्डन झाली. छायाचित्रण नुकतं रांगत होतं तेव्हा, १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, तिने आपल्या मुलींची छायाचित्रं काढायला सुरुवात केली. खिडकीचा उजेड, आरसा, रिकामी खोली. १८६५ मध्ये ती बेचाळिसाव्या वर्षी वारली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तिची सातशेहून जास्त छायाचित्रं आहेत, आणि आज या घराण्यात कलेच्या इतिहासात नाव असलेली तीच.

पदवीच्या वंशावळीत ती कुठे आहे? एका लॉर्डची बहीण आणि एका व्हायकाउंटची बायको, एवढ्यात. ॲग्नेसपासून क्लेमेंटिनापर्यंत या घराण्यात मुलींच्या हातून गावं आली, गेली, आडनावं बदलली. आकडा मात्र एकीलाही नाही. ग्रंथाने तिला वगळलेलं नाही, हे पुन्हा सांगतो. आपणच आकडे वाचतो.

आपण काय करावं

मागणी फार मोठी नाही. १८११ ते १८२७ च्या संदर्भात 'माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन' एवढंच लिहावं, लॉर्ड नाही, सर नाही. १८५३ ते १८६० साठी 'जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन' असं लिहावं. मोडी कागदात किंवा जुन्या मराठी पत्रात 'अलपिष्टन साहेब' किंवा 'लाटसाहेब' असं आलं तर ते तसंच ठेवावं आणि सालावरून कोण ते कंसात द्यावं. जुन्या माणसाने 'लाट' म्हटलं ते त्याच्या अनुभवाने म्हटलं, ते दुरुस्त करण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपली स्वतःची वाक्यं मात्र दुरुस्त करता येतात.

आणि पुढच्या वेळी एखाद्या गव्हर्नराचं, रेसिडेंटचं, कलेक्टरचं चरित्र लिहिताना त्याची वंशावळ उघडली, तर मोठ्या अक्षरांतला आकडा पाहून पुस्तक मिटू नये. तो कितवा मुलगा होता, त्याच्या भावांना काय मिळालं, बहिणींचं काय झालं, हे खालच्या बारीक अक्षरांत असतं. आपल्याकडच्या पुष्कळ वतनांचे आणि दत्तकांचे निकाल तिथून निघालेल्या माणसांच्या सहीने लागलेले आहेत.